अनुभव धागा: पुरुषांची त्वचा आणि आपल्या सवयी

बाईच्या त्वचेपेक्षा पुरुषाची त्वचा जाड, तिला तेलही जास्त सुटतं. म्हणून ‘पुरुषाच्या कातडीला काय होतंय?’ हे ऐकतच आपण मोठे झालो आणि दुखेपर्यंत गप्प बसायला शिकलो. इथे मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करतो.

दाढीनंतर मानेवर लाल पुटकुळ्या यायच्या. मला वाटायचं, ब्लेड वाईट. माझे मानेवरचे केस खाली नाही, आडवे कानाकडे वाढतात, हे चौतिसाव्या वर्षी बोट फिरवल्यावर कळलं. मी रोज उलटा हात मारायचो आणि कापलेला केस वळून कातडीत शिरायचा. आता अंघोळीनंतर, केस मऊ असताना, वाढीच्या दिशेनेच दाढी करतो. फोड जवळजवळ थांबले.

*

लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं. जांघेत गजकर्ण झालं. मेडिकलमधून विचारून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब! लावणं थांबवलं की आठवड्यात परत, आधीपेक्षा मोठं वर्तुळ. असे चौदा महिने काढले. मग बायकोला झालं, नंतर पोराच्या पाठीवर दिसलं, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं: क्लोबेटासोल. जहाल स्टिरॉइड. खाज आणि लाली दाबतं, गजकर्णाच्या बुरशीला मात्र रान मोकळं. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मला मिळाली. तिघांनी एकदम औषध घेतलं, टॉवेल वेगळे केले, घट्ट जीन्स सोडली. बरं झालं, पण जांघेत कातडी पातळ होऊन जांभळट चरे उठलेत. ते आता जायचे नाहीत. कळकळीने सांगतो, खाजेवर मनाने ट्यूब लावू नका.

*

दिवसभर बाईकवर डिलिव्हरी. शर्टाची बाही वर केली की हाताचे दोन रंग. सनस्क्रीन लावायला लागलो, पण घामाने जातं, दुपारी परत लावावं लागतं. पूर्ण बाह्या जास्त कामाच्या.

*

आमच्याकडे भातलावणीत बाबांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, उन्हाळ्यात टाचांना भेगा. रात्री आई कोकमतेलाचा गोळा दिव्यावर धरायची आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायची. बाबा पाय मागे घ्यायचे, मग तसेच झोपी जायचे. यंदा माझ्या टाचा फुटल्यात. गोळा गावाहून मागवलाय.