शब्दचर्चा : कॅलामाईन, केल्मिस आणि कलखापरी

त्वचेवर लावायच्या गुलाबी कॅलामाईन लोशनमधलं 'कॅलामाईन' हे गावाचं नाव की खनिजाचं, असा प्रश्न एकाने विचारला आहे. मूळ शब्द खनिजाचा. जस्ताच्या या खनिजाला लॅटिनमध्ये 'कादमिया' म्हणत. मध्ययुगात त्याचं 'कालामिना' झालं आणि जर्मनमध्ये 'गालमाय'. कॅडमियम या धातूचं नावही याच कुळातलं.

गावाला नाव मिळालं ते या खनिजावरून. बेल्जियमच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या सीमेला लागून केल्मिस नावाची जर्मनभाषक नगरपालिका आहे. फ्रेंचमध्ये तिला 'ला कालामीन' म्हणतात. दोन्ही नावांचा अर्थ एकच, जस्ताचं खनिज.

आणि नुसतं नावच नव्हे, तिथली सीमासुद्धा या खनिजानेच आखली. नेपोलियनच्या पाडावानंतर इथली खाण नेदरलँड्सलाही हवी होती आणि प्रशिया या जर्मन राज्यालाही. कोणीच मागे हटेना. शेवटी 1816 च्या करारात खाणीभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा दोघांचा सामायिक ठरला, तोच 'तटस्थ मोरेस्ने'. 1830 नंतर नेदरलँड्सच्या जागी त्यातून वेगळं झालेलं बेल्जियम आलं. 1885 च्या सुमारास खाण संपली, तरी तटस्थपणा टिकला. 1908 मध्ये तिथल्या काही लोकांनी एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचं राज्य करायचं ठरवून त्याला 'अमिकेयो', म्हणजे मैत्रीचं ठिकाण, असं नावही दिलं! पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने 1920 मध्ये हा भाग बेल्जियमला मिळाला. भाषा मात्र जर्मनच राहिली. आज बेल्जियमच्या जर्मनभाषक समुदायातल्या नऊ नगरपालिकांपैकी केल्मिस ही एक.

या दगडासाठी एवढी ओढाताण का? जस्त साधारण 907 अंश सेल्सियसला उकळतं. उघड्या भट्टीत ते हाती येण्याआधीच वाफ होऊन उडून जायचं. म्हणून युरोपातले कारागीर जस्त वेगळं काढण्याच्या फंदात न पडता कॅलामाईनची पूड, कोळसा आणि तांबं बंद मुशीत एकत्र तापवून थेट पितळ करत. पुढे बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या जाँ-जाक दानिएल दोनीने याच खाणीच्या मालातून शुद्ध जस्त काढण्याची रीत बसवली. पॅरिसची करडी छपरं जस्ताच्या पत्र्याची असतात, त्या धंद्याची पायाभरणी इथली.

आपल्याकडे रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या आयुर्वेदातल्या शाखेत, ज्याला 'रसक' किंवा 'खर्पर' म्हणतात ते हेच खनिज, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मराठीत त्याला 'कलखापरी' असा छान शब्द आहे. माझ्या मते 'कॅलामाईन'ला प्रतिशब्द नव्याने घडवण्यापेक्षा हाच वापरावा. लोशनला मात्र कॅलामाईनच राहू द्यावं; त्यात आता खाणीतला दगड नसतो, झिंक ऑक्साईड आणि गुलाबी रंगापुरतं किंचित लोहाचं ऑक्साईड असतं. कोणाच्या घरी जुन्या औषधांत 'कलखापरी' हा शब्द बोलण्यात आहे का? असल्यास कोणत्या भागात, तेही लिहा.