सीलंटने सायकलचे पंक्चर रस्त्यातच बंद होते का?

प्रश्न: पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाटात सायकलने जाण्याचा विचार आहे. वाटेत बाभळीच्या काट्यांची भीती असल्याने ट्यूबमध्ये आधीच सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरून ठेवावे काय, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: अवश्य भरावे. मात्र व्हॉल्व्हमधील पिन काढता येते ना, हे आधी तपासावे, कारण सीलंट तिथूनच आत सोडायचे असते. काटा उपसल्यावर छिद्र खाली येईल असे चाक फिरवून ठेवावे, म्हणजे द्रव तिथे जमतो आणि फसफसत हळूहळू छिद्र बुजवतो. त्यानंतर कमी पडलेली हवा भरावी.

दुसरे उत्तर: खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन चिरा पडल्या, तर सीलंटच्या भरवशावर राहू नये. जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप जवळ हवेतच. शिवाय लेटेक्सचे सीलंट काही महिन्यांत सुकते, हे विकताना क्वचितच सांगितले जाते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अशा ट्यूबवर पॅच बसतो का?

पहिले उत्तरदाते: बसतो, परंतु छिद्राभोवतीचा चिकटा पूर्ण पुसून, जागा कोरडी करून काचकागदाने घासल्याशिवाय सोल्यूशन धरत नाही.