मदत हवी आहे: 1898 पूर्वी अमेरिकेत जन्मलेल्या चिनी मुलांचा मतदानाचा हक्क

यादवी युद्धानंतर 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व दिलं. 1870 च्या कायद्याने मात्र परदेशातून आलेल्यांपैकी गोरे आणि आफ्रिकी वंशाचे एवढ्यांनाच ते मिळवता येत होतं. म्हणजे चिनी आईबाप परके, पोर नागरिक! सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क खटल्यात हे मान्य केलं ते थेट 1898 मध्ये. मधल्या तीस वर्षांवर मी अडलोय.

लुक टिन सिंग या अमेरिकेत जन्मलेल्या चिनी मुलाच्या खटल्याचा 1884 चा निकाल वाचला, पण तो देशात परत प्रवेश मिळण्याबद्दल आहे, मतदानाबद्दल नाही. 1870 च्या जनगणनेत पुरुष नागरिकांचा रकाना आहे, पण वयाची अट 21. ही मुलं तेव्हा एवढी मोठी कुठली असायला? कॅलिफोर्नियाच्या 1879 च्या राज्यघटनेने मतदान नाकारलं ते चीनमध्ये जन्मलेल्यांना. मग इथे जन्मलेल्यांचं काय?

1898 नंतरचं नकोय. अमेरिकेतल्या ग्रंथालयात जाणं शक्य नाही, त्यामुळे ऑनलाइन फुकट वाचता येईल असंच सुचवा; इंग्रजी चालेल. कॅलिफोर्नियाच्या जुन्या मतदार नोंदवह्यांत जन्मस्थान लिहिलेलं असे. त्यांत 1898 पूर्वी अमेरिकेत जन्मलेल्या एखाद्या चिनी मतदाराची नोंद कुणी पाहिली आहे का, आणि कोणत्या काउंटीची?