विचर ३ (व्हिडिओ गेम): टेकडीवरच्या झाडातला आत्मा सोडावा की मारावा?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): भाऊ, गेममधल्या वेलेन भागात अडकलो. दलदलीतली अनाथ मुलं वाचवायची आहेत, बॅरनची (तिथल्या सरदाराची) बायको अ‍ॅनाही. दोघांचं जमते का? अन् ब्लड अँड वाईन हा गेमचा जोडभाग आत्ताच घेऊ का?

उत्तर १: पुढे कथा उघड होते. आत्मा सोडला तर मुलं वाचतात, पण अ‍ॅना मरते आणि बॅरन फास घेतो. मारला तर मुलं जातात, बॅरन अ‍ॅनाला घेऊन निघतो. सोडायचा असेल तर कावळ्याचं पीस, हाडं आणि काळा घोडा लागतो. घोडा अ‍ॅक्सी या जादूने शांत कर. झाडाशी बोलायच्या आधी वेगळी सेव्ह ठेव. आपल्याकडे लाईन केव्हाही जाते, ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नको.

उत्तर २: ब्लड अँड वाईन ३४ व्या लेव्हलच्या आसपास खेळ; हार्ट्स ऑफ स्टोन हा जोडभाग त्याआधी, ३२ ला. ब्लड अँड वाईनमधल्या परीकथांच्या भूमीत गेलास तर काड्या विकणाऱ्या पोरीकडून रिबन घेतल्याशिवाय निघू नको, नाहीतर डेटलाफ या व्हॅम्पायरसमोर डचेसची बहीण सियाना वाचत नाही. हे पाऊल बहुतेक जण हुकवतात.

उत्तर ३: शहरातून गेमची फाईल आणणार असशील तर पेनड्राइव्ह एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट कर. फॅट३२ या जुन्या प्रकारावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही.