मदत हवी आहे : शाळेच्या शेती सल्लागार समितीचं करायचं काय?

वाळपईचा_मास्तर
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत शेती विषयाला सल्लागार समिती आहे, कागदावर सगळी नावं भरलेली, पण बैठकीला बोलावलं की निम्मे येत नाहीत आणि आलेले "बरं चाललंय" म्हणून चहा पिऊन उठतात. शनिवारी परत बैठक आहे, हेडमास्तर म्हणतात मेंबरच बदला. कोणाला काढू, कोणाला घेऊ? जरा लवकर सांगा.

फोंड्याची_बाय
सर, मेंबर कोण कोण? व्होकेशनल विषय आहे की नुसती परसबाग? बैठक किती वाजता, कुठे? हे न कळता काय सांगणार.

डिचोलीकर
सोपं आहे, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ७५ टक्के पालक घ्या, विषय संपला.

निवृत्त_शिक्षक
अहो डिचोलीकर, ती शाळा व्यवस्थापन समिती, २००९ च्या कायद्यातली, आणि तो कायदा आठवीपर्यंतचा. मास्तर विचारतायत ती समिती वेगळी, तिचं काम सल्ला देणं. सगळेच पालक भरले तर रोगाचं, बाजाराचं कोण सांगणार?

डिचोलीकर
पालकसुद्धा शेतकरीच असतात की सत्तरी तालुक्यात.

वाळपईचा_मास्तर
नववी-दहावीचा व्होकेशनल आहे. मेंबर म्हणजे कुळागरवाले (पोफळीच्या बागा असलेले), एक नर्सरीवाले, कृषी खात्याचे साहेब, दोन पालक, मॅनेजमेंटचे चेअरमन. सकाळी ११ ला, ऑफिसात.

ठिबकवाला
शाळेच्या प्लॉटला ठिबक बसवा, सबसिडीची चौकशी वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात करा, फायदाच फायदा.

कुळागर_सत्तरी
ठिबकचं कोणी विचारलंय? मास्तर, आता काजूचा सीझन, सकाळी बोंडू गोळा करायचे सोडून ११ ला ऑफिसात कोण बसणार? संध्याकाळी ठेवा, आणि प्लॉटवर. मला एक सांगा, मागच्या बैठकीत कोणी काही सुचवलं होतं का, आणि त्याचं पुढे काय झालं?

वाळपईचा_मास्तर
एक वयस्क कुळागरवाले प्लॉटवर जाऊन आले होते. पोफळीच्या बुंध्याशी पाय दाबून दाखवला, पाणी वर आलं, म्हणाले इथे चर काढा नाहीतर मिरवेल (काळ्या मिरीची वेल) पावसात जाणार. इतिवृत्तात ऑफिसने लिहिलं "सदस्यांनी मौलिक सूचना केल्या". चर काही निघाला नाही, जुलैत पानं काळी पडून वेली गेल्या. त्यानंतर ते आलेच नाहीत.

कुळागर_सत्तरी
हेच तुमचं दुखणं! त्या माणसाला काढू नका, त्यांच्या घरी जा, शनिवारी त्यांनाच अध्यक्ष करा. तो द्रुतमर रोग, मुळाशी पाणी साचलं की बुरशी येतेच. पावसाआधी चर काढून एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारायला हवं होतं.

निवृत्त_शिक्षक
अध्यक्ष मॅनेजमेंटचाच हवा, नाहीतर पैसे कोण देणार?

फोंड्याची_बाय
मला नाही पटत. पैशाला मंजुरी मॅनेजमेंटच देणार, पण चेअरमन खुर्चीवर असले की शेतकरी तोंड उघडत नाही, आमच्याकडे हे बघितलंय. अध्यक्ष शेतकरी, मास्तर सचिव. आठवडाभर आधी एकच प्रश्न लिहून पाठवा, "शेती कशी सुधारावी" असला नको, "या पावसात मिरवेल परत लावायची का" असा हवा. बैठकीत पहिला विषय मागच्या सल्ल्याचं काय झालं, केला नसेल तर का नाही, आणि इतिवृत्तात कोणी काय करायचं, कधीपर्यंत, नावासकट. सगळे मेंबर एकदम बदलू नका, दरवर्षी थोडे बदला. शेतीत काम करणारा एखादा माजी विद्यार्थी घ्या. जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या लोकांना कायमचे मेंबर करण्यापेक्षा विषय असेल तेव्हा पत्र देऊन बोलवा.

पेडण्याचा_भाऊ
मिरवेल ठीक, पण गव्यांचं काय? आमच्या वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीत) रात्री येतात, एक शेत शिल्लक नाही. शाळेने मुलांना हे पण शिकवावं. कोणी सोलर कुंपण केलंय का?

ठिबकवाला
केलंय, वेगळा धागा काढा, सांगतो.

वाळपईचा_मास्तर
आज संध्याकाळी त्या वयस्क कुळागरवाल्यांकडे जाऊन आलो. आधी म्हणाले, "परत कशाला सांगू?" चर काढण्याचा विषय पहिलाच आहे म्हटलं, तेव्हा शनिवारी ५ वाजता प्लॉटवर येतो म्हणाले. हेडमास्तर मेंबर बदलायचं थांबवायला तयार झालेत. अध्यक्षपदाबद्दल चेअरमनशी उद्या बोलतो. आता सांगा, चर किती खोल, आणि जिथे वेली मेल्या तिथेच लगेच नवीन लावल्या तर चालतील का?

कुळागर_सत्तरी
तिथे लगेच नको, मेलेल्या वेली मुळासकट काढून जाळा. चराचं उताराप्रमाणे बघावं लागतं. शनिवारी मीही येतो, पत्ता मेसेजमध्ये टाका.