ब्रेकपॉइंट लावायचा कोड चार ठिकाणी तोच तो आहे, एकत्र कसा आणू?

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या पोट्ट्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्सवर सी प्लस प्लसमध्ये एक छोटा डीबगर, म्हणजे दुसरा प्रोग्राम थांबवून तपासायचं साधन, लिहिला आहे. प्रत्येक बॅच त्यात भर घालत गेली. आता तो सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. पुढची बॅच हात लावेल त्याआधी तो नीट वाचता यावा, एवढीच इच्छा.

ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण, चार वाटांनी लागतो: थेट पत्ता देऊन, फंक्शनच्या नावावरून, फाइल आणि ओळ सांगून, आणि 'फिनिश' (चालू फंक्शन संपेपर्यंत चालवा) कमांडचा तात्पुरता, रिटर्न ॲड्रेसवर. चारही ठिकाणी तेच: लोड ॲड्रेस मिळवा, पी-ट्रेस या लिनक्स सिस्टिम कॉलच्या पीकटेक्स्टने त्या प्रोग्रामच्या मेमरीतला शब्द वाचा, खालचा बाइट जपून ठेवा, त्या जागी हेक्स सीसी, म्हणजे प्रोग्राम थांबवणारी इंट३ ही सूचना, लिहा, यादीत नोंदवा. पण कोड हुबेहूब सारखा नाही. पीकटेक्स्टने उणे एक दिलं तर ती चूकही असू शकते आणि खरा डेटाही, म्हणून एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) तपासावा लागतो; तो एकाच वाटेत तपासलाय.

नुसती पुनरावृत्ती असती तर एक फंक्शन वेगळं काढून भागलं असतं. खरी गोम एकाच पत्त्यावरच्या दोन ब्रेकपॉइंटची आहे. 'मेन' नावाने लावलेला प्रोलॉग (फंक्शनची सुरुवातीची तयारी) ओलांडून पहिल्या ओळीवर बसतो; कुणी तीच ओळ पुन्हा दिली, की दुसरा ब्रेकपॉइंट मूळ बाइट म्हणून सीसीच वाचतो. मग आधी पहिला आणि नंतर दुसरा काढला, की दुसरा तिथे सीसी परत लिहून जातो. प्रोग्राम सिगट्रॅपवर (इंट३मुळे येणाऱ्या सिग्नलवर) थांबतो आणि यादी मात्र रिकामी!

एलएलडीबी या डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट (वापरकर्त्याने मागितलेला), लोकेशन (त्याचा एकेक पत्ता) आणि साइट (प्रत्यक्ष बाइट बदललेली जागा) असे तीन थर आहेत. आमच्या छोट्या डीबगरला निदान साइट तरी हवी असं मला वाटतं: एका पत्त्याला एकच, आणि तिचे मालक, म्हणजे तिथे लागलेले ब्रेकपॉइंट, किती याची मोजणी. दोन ठिकाणी अडलोय. हार्डवेअर ब्रेकपॉइंट (प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये पत्ता ठेवून लावलेले) याच क्लासखाली आणावेत का? आणि थांबल्यावर आरआयपी (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) एकने मागे घेणं, मूळ बाइट ठेवून एक पाऊल चालवणं, सीसी पुन्हा लावणं, हे काम कुणाचं?

प्रतिसाद

सर, क्लास लिहायच्या आधी दोन कामं वेगळी करा: पत्ता शोधणं आणि बाइट बदलणं. चारही वाटांनी फक्त पत्त्यांची यादी द्यावी. यादीच, कारण इनलाइन झालेल्या (कॉलच्या जागीच कोड उतरवलेल्या) फंक्शनचे पत्ते अनेक निघतात. साइटने लावणं आणि काढणं एवढंच करावं. शेवटचा मालक गेला की मूळ बाइट परत. 'फिनिश'चा तात्पुरता निघताना वापरकर्त्याचा ब्रेकपॉइंट उडणार नाही, तो यामुळेच.

पाऊल पुढे टाकणं साइटमध्ये घालू नका, ते थ्रेड चालवणाऱ्या कोडचं काम आहे. सीसी उचललेला असताना दुसरा थ्रेड तिथून न थांबता निघून जाईल, म्हणून तेवढ्या वेळापुरते बाकीचे थांबवून ठेवा.

हार्डवेअरचे वेगळेच ठेवा. डीआर० ते डीआर३ या रजिस्टरांच्या चारच जागा, त्याही प्रत्येक थ्रेडच्या स्वतंत्र. जपायला मूळ बाइटच नाही.

कोड हलवायच्या आधी एक टेस्ट मात्र लिहा: एकाच पत्त्यावर दोन लावा, दोन्ही क्रमांनी काढून बघा, आणि शेवटी तिथला बाइट मूळ फाइलमधल्या बाइटशी ताडून पाहा. मी धरमपेठेत राहतो, शनिवारी लॅब उघडी असेल तर येऊन सोबत बसतो.