शनिवारचा सराव: शार्पने चेंडू उचलायला हवा होता का?

प्रेषक: अप्पा
मंगळवार, 8 एप्रिल 2025, सकाळी

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी मुलांचा सराव आहे आणि पायमोजे चढवायच्या आधीच ती मला एकच प्रश्न विचारणार आहेत, याची मला खात्री आहे. काल अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात, फ्लोरिडाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी, आपल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या एमॅन्युएल शार्पच्या हातातून सुटलेला चेंडू त्याच्या पायाशी टप्पे खात होता, तो स्वतः हाताच्या अंतरावर उभा होता, आणि तरीही त्याने तो का उचलला नाही? काल रात्री आमच्या दिवाणखान्यात बसलेल्यांपैकी निम्मे लोक टीव्हीकडे बघून "उचल, उचल" असे ओरडत होते आणि मीही त्यांच्यातच होतो. 65-63 असा सामना गेला. माझे मत असे की त्याने चेंडू उचलून कसाही बास्केटच्या दिशेने फेकायला हवा होता. पंचांनी शिट्टी वाजवली असती तर वाजवली असती. मात्र मुलांना चुकीचे शिकवायचे नाही, म्हणून शुक्रवारपर्यंत नक्की उत्तर हवे आहे.

अप्पा

---

प्रेषक: बापू
मंगळवार, 8 एप्रिल, दुपारी

अप्पा,

नियमांचे वर्ग गेली काही वर्षे मी घेतो, म्हणून हे उत्तर माझ्याकडूनच जावे असे मला वाटते. शार्पने चेंडू उचलला असता तर ते ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू घेऊन नियमाबाहेर पाय हलवल्याचा दोष, ठरले असते. तो तीन गुणांच्या शॉटसाठी हवेत गेला, फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन त्याच्यावर झेपावला, आणि शॉट अडवला जाणार हे लक्षात येताच शार्पने चेंडू हातातून खाली सोडला. हवेत गेलेल्या खेळाडूला शॉट मारता येतो किंवा पास देता येतो, पण चेंडू जमिनीवर सोडून पुन्हा स्वतःच घेता येत नाही, कारण तसे करणे म्हणजे पाय उचलल्यानंतर ड्रिबल (चेंडूला टप्पे देत नेणे) सुरू करणे होय. चेंडू हातात धरूनच खाली उतरला असता तरी तेच झाले असते.

काल रात्री दोघांनी मला फोन करून सांगितले की चेंडू निसटला तर तो परत घेण्याची मुभा असते. ते खरे आहे, पण निसटणे आणि सोडणे यांत फरक आहे आणि शार्पने तो सोडला होता. क्लेटनचे बोट जरी चेंडूला लागले असते तरी शार्प मोकळा झाला असता. तसे घडले नाही. क्लेटनने धावत येऊन, अंगाला स्पर्श न करता, बाजूने निघून जात शॉट थांबवला, आणि तीन गुणांच्या शॉटवर फाउल न देता असा बचाव करणे किती कठीण आहे हे मी पंच म्हणून सांगू शकतो.

त्यामुळे मुलांना कृपया असे सांगू नका की उचलून फेकायला हवा होता. नियम माहीत असलेल्या मुलाने काही सेकंदांच्या गडबडीत योग्य तेच केले. तो चेंडू कोणत्याही सहकाऱ्याला घेता आला असता. फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स कॉन्डनने आधी सूर मारला, एवढेच.

बापू

---

प्रेषक: अक्का
मंगळवार, 8 एप्रिल, रात्री

बापूसाहेब,

नियमाबद्दल वाद नाही, परंतु तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत जे आहे तेच खरे दुखणे आहे आणि तुम्ही ते "एवढेच" म्हणून सोडून दिले. आम्ही चौघी अंतिम सामना पाहायला सॅन अँटोनियोला गाडीने गेलो होतो. अलामोडोममध्ये इतक्या वर बसलो होतो की शेवटच्या क्षणी आम्हाला चेंडू दिसलाच नाही. फक्त खेळाडूंच्या पाठी दिसल्या आणि पलीकडच्या, फ्लोरिडाच्या निळ्या-नारिंगी गर्दीचा आवाज एकदम उसळला, तेव्हा काय झाले ते कळले. परतीच्या तीन तासांच्या रस्त्यात गाडीत कोणी बोलले नाही.

आता व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला असे दिसते की शार्पच्या हातून चेंडू खाली पडला त्या क्षणी आपल्या बाकीच्या चौघांपैकी एकही जण चेंडूकडे झेपावण्याच्या स्थितीत नव्हता, आणि ही स्थिती त्या एका ताब्याची (चेंडू आपल्याकडे असतानाच्या एका खेळीची) नव्हती. त्याच्या आधीच्या ताब्यात, एका गुणाने मागे असताना, सव्वीस सेकंद उरले असता शार्प आत घुसला आणि चेंडू बाहेर गेला. लागोपाठ दोन वेळा, अजिंक्यपद एका शॉटच्या अंतरावर असताना, आपण शॉट मारूच शकलो नाही. आपले प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांनीही सामन्यानंतर हीच खंत बोलून दाखवली की निदान एक शॉट तरी व्हायला हवा होता.

याच संघाने दहा दिवसांपूर्वी इंडियानापोलिसला पर्ड्यूविरुद्ध 60-60 अशी बरोबरी असताना काय केले ते आठवा. आपल्या मिलोस उझानने बाजूने चेंडू सहकारी टग्लरकडे आत टाकला, स्वतः बास्केटकडे धावला, टग्लरने तो त्याला परत दिला आणि एका सेकंदाहून कमी वेळ उरला असताना उझानने बास्केट करून सामना 62-60 असा जिंकून दिला. ती चाल सर्वांच्या अंगात मुरलेली होती. सोमवारी मात्र शेवटच्या एकोणीस सेकंदांत आखलेली चाल फ्लोरिडाने मोडल्यावर पुढे काय करायचे हे कोणाच्याच देहबोलीत दिसत नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी की शनिवारी नियमावर पाच मिनिटे पुरेत आणि शेवटच्या ताब्यातील हालचालीवर अर्धा तास द्यावा. मुलींच्या गटाला मी हे गेल्या हिवाळ्यापासून शिकवते आहे. मुलांच्या गटातही मी येऊन दाखवू शकते.

अक्का

---

प्रेषक: दादा
बुधवार, 9 एप्रिल, पहाटे

सर्वांना नमस्कार,

मी 1983 साली याच विद्यापीठात शिकत होतो, आणि त्यामुळे सोमवारी रात्री मला जे वाटले ते या यादीवरील फार थोड्यांना वाटले असेल. तेव्हा आमच्याकडे अकीम ओलाजुवॉन आणि क्लाइड ड्रेक्सलर होते, अल्बुकर्कीला अंतिम सामना होता, नॉर्थ कॅरोलायना स्टेटला कोणी मोजतही नव्हते, आणि बरोबरी असताना डेरेक व्हिटनबर्गने लांबून मारलेला, अपुरा पडलेला शॉट लोरेन्झो चार्ल्सने हवेतच पकडून बास्केटमध्ये कोंबला. 54-52. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तीन मराठी मुले होतो. आमच्यापैकी एक मुंबईच्या नागपाड्यात खेळत वाढलेला होता आणि त्याने त्या रात्री जेवायला नकार दिला. पुढच्या वर्षी जॉर्जटाउनने हरवले. आणि आता हे. तीन अंतिम सामने आणि तिन्ही पराभव.

अक्का, चालीचा मुद्दा मला पटत नाही. दोन गुणांनी मागे असताना तीन गुणांचा शॉट कशाला हवा होता? आत जायचे, दोन गुण घ्यायचे किंवा फाउल मिळवायचा आणि जादा वेळेत खेळायचे. हे आम्ही नागपूरला शाळेच्या सिमेंटच्या मैदानावरसुद्धा शिकलो होतो. सराव घ्यायचा तर फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर कोणी न अडवता मारायला मिळणाऱ्या शॉटचा घ्या. 1983 चा सामनासुद्धा फ्री थ्रोवरच गेला. आम्ही एकोणीसपैकी नऊ चुकवले होते.

दादा

---

प्रेषक: बापूंचा भाचा
बुधवार, 9 एप्रिल, दुपारी

आदरणीय दादा,

मी सध्या विद्यापीठात शिकतो आणि 1983 बद्दल मी फक्त वाचले आहे, पण तुमच्या एका मुद्द्याला उत्तर द्यावेसे वाटते. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारण्याचे बंधन, नव्हते. आघाडी घेतल्यावर आपले तेव्हाचे प्रशिक्षक गाय लुईस यांनी संघाला वेग कमी करायला लावला, त्यातून प्रतिस्पर्ध्यांना फाउल करून आपल्याला फ्री थ्रो रेषेवर पाठवता आले, आणि तिथे आपण चुकलो. म्हणजे फ्री थ्रो चुकले हे खरे असले, तरी धावत खेळणाऱ्या संघाने धावणे थांबवले हे त्याचे मूळ होते.

मला सोमवारीही तसेच काहीसे दिसले. आपण उत्तरार्धात बारा गुणांनी पुढे होतो. क्लेटनला पूर्वार्धात आपण एकही गुण मिळू दिला नव्हता. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध चौतीस गुण केलेल्या खेळाडूला वीस मिनिटे शून्यावर ठेवणे हे सॅम्पसन यांच्या बचावाचे वैभव आहे. त्याचे अकराही गुण उत्तरार्धातले आहेत. आपला बचाव थकला असे मला वाटत नाही, कारण 65 गुण देऊनही सामना जिंकता येतो. आपले आक्रमण आटले. एल. जे. क्रायरच्या एकोणीस गुणांपलीकडे भरवशाचा आधार नव्हता, आणि फ्लोरिडाचे उंच खेळाडू आत उभे असल्यामुळे तुम्ही म्हणता तसे आत घुसून दोन गुण घेणे आम्हाला संध्याकाळभर जड गेले होते. शार्पचा आधीचा ताबा आत घुसतानाच गेला, हेही विसरू नये.

आणखी एक गोष्ट मनापासून लिहितो. शार्पवर वर्गात जे बोलले जात आहे ते मला सहन होत नाही. गेल्या शनिवारी आपल्या उपांत्य सामन्यात ड्यूकविरुद्ध अर्धे मिनिट उरले असताना सहा गुणांनी मागे पडलेल्या संघाला जिवंत करणारा तीन गुणांचा शॉट त्याचाच होता. त्यानंतर टग्लरचा डंक (उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबणे), जे'वॉन रॉबर्ट्सचे दोन फ्री थ्रो आणि 70-67. त्याचे वडील डेरिक शार्प यांचे नाव तेल अवीवमध्ये आजही 2004 सालच्या अशाच शेवटच्या क्षणीच्या शॉटसाठी घेतले जाते. शेवटचा शॉट घ्यायला न घाबरणारा मुलगा होता म्हणूनच चेंडू त्याच्याकडे गेला.

मामा, नियम समजावून सांगितल्याबद्दल आभार. मीही "उचल" म्हणून ओरडणाऱ्यांपैकी होतो.

---

प्रेषक: दादा
बुधवार, 9 एप्रिल, रात्री

वेग कमी केला हे खरे आहे, पण ड्रेक्सलरवर पूर्वार्धातच चार फाउल झाले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय लुईस यांना दोष देता येणार नाही. 1968 साली अ‍ॅस्ट्रोडोममध्ये बावन्न हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर यूसीएलए विद्यापीठाला 71-69 असे हरवणारा माणूस तो. आपल्या एल्विन हेजचे त्या दिवशीचे एकोणचाळीस गुण आणि त्यामागची आखणी पाहिलेल्या कोणालाही विचारा.

फ्री थ्रोबद्दलचे माझे मत कायम आहे. सोमवारी फ्लोरिडाला आघाडी कशाने मिळाली? शेहेचाळीस सेकंद उरले असताना अलाइजा मार्टिनच्या दोन फ्री थ्रोंनी. सुरुवातीच्या 8-6 नंतर ते प्रथमच पुढे गेले, आणि गेले ते फ्री थ्रो रेषेवरून.

दादा

---

प्रेषक: बापू
गुरुवार, 10 एप्रिल, सकाळी

दादा, लुईस यांच्याबद्दल तुमच्याशी सहमत आहे. फक्त मार्टिनच्या फ्री थ्रोंआधी फाउल झाला होता आणि तो बचावातील पाय उशिरा हलल्यामुळे झाला, ही बाब मुलांना सांगायची असल्यास मी चित्रफितीसह सांगेन. अक्का, मुलांच्या गटात पंच म्हणून मीच उभा राहीन. चाल तुम्ही दाखवा.

---

प्रेषक: अप्पा
गुरुवार, 10 एप्रिल, रात्री

मंडळी,

सर्वांची पत्रे दोनदा वाचली. उचलून फेकण्याबद्दलचे माझे मंगळवारचे मत मी मागे घेतो. बापूंनी सांगितल्यावर मी आणखी एक विचार केला: उचलला असता तर चेंडू थेट फ्लोरिडाकडे गेला असता आणि आपल्याला पुन्हा फाउल करत बसावे लागले असते, खाली सोडल्यामुळे निदान एखाद्या सहकाऱ्याला तो मिळण्याची शक्यता तरी उरली. त्या क्षणी त्या मुलाने उपलब्ध असलेल्यांपैकी कमी वाईट मार्ग निवडला, आणि मी घरात बसून त्याच्यावर ओरडलो, याचे मला वाईट वाटते.

मुलांच्या सरावाची आखणी आजवर मी एकट्याने केली आहे आणि ती सहजासहजी कोणाच्या हाती द्यायची माझी तयारी नसते, हे अक्कांना ठाऊक आहे. तरीही या शनिवारी असे करू. पहिली दहा मिनिटे बापू नियम सांगतील आणि प्रत्येक मुलाला हवेत जाऊन चेंडू सोडायला लावतील, म्हणजे तो पुन्हा घेता येत नाही हे हाताला कळेल. त्यानंतरचा अर्धा तास अक्कांचा: दोन गुणांनी मागे, एकोणीस सेकंद, पहिली चाल बचाव करणाऱ्यांनी मोडायचीच, आणि मग काय करायचे ते पाचही जणांनी शोधायचे. चेंडू खाली पडताच सर्वांत जवळच्या मुलाने सूर मारायचा. गुडघ्यांना पट्ट्या आणा असे पालकांना कळवतो. दादा, शेवटची पंधरा मिनिटे फ्री थ्रोंसाठी तुमची, आणि मुले थकलेली असतानाच ती घ्यायची आहेत.

बापूंच्या भाच्याने जमल्यास यावे. मुलांना ड्यूकच्या सामन्यातील शार्पचा तो शॉट कोणी तरी सविस्तर सांगायला हवा आणि ते त्याने सांगितलेले मला आवडेल. व्यायामशाळेची किल्ली माझ्याकडे आहे. साडेआठला दार उघडतो.

अप्पा